रोटा-अडिनो-नोरोचं तीन रेषांचं कार्ड : 20 पैकी 20 बरोबर आले, घेऊ का?

तालुका_लॅब

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसतं वाचतोय, आज पहिल्यांदा प्रश्न घेऊन आलोय. माझी सोलापूर जिल्ह्यात तालुक्याच्या गावी छोटी लॅब आहे, मी स्वतः डीएमएलटी (लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा), रिपोर्ट एमडी पॅथॉलॉजिस्ट मॅडम बघतात आणि सही करतात. थंडी पडली की आमच्याकडे उलट्या-जुलाबाची लहान पोरं रोज येतात, बहुतेक दोन वर्षांच्या आतली. गावातले बालरोगतज्ज्ञ गेली चार वर्षं आमच्याकडून रोटाची साधी कार्ड टेस्ट करून घेतात.

आता झालंय असं की आमच्या डिस्ट्रिब्युटरने नवीन कार्ड आणलंय, एकाच कार्डावर रोटा, अडिनो आणि नोरो हे जुलाब करणारे तिन्ही विषाणू, शीत जो असेल त्याची रेष उमटते. पत्रकावर तिन्हीची सेन्सिटिव्हिटी (खरंच विषाणू असलेल्या शंभरातले किती पकडते) 95 च्या वर छापलीय. 25 टेस्टचा एक डबा त्याने बघायला म्हणून दिला. मी फ्रीजरमधले जपून ठेवलेले 20 स्टूल सॅम्पल काढले, त्यातले 12 आमच्या जुन्या कार्डावर रोटा पॉझिटिव्ह आलेले आणि 8 निगेटिव्ह, सगळे नवीन कार्डावर लावले आणि वीसच्या वीस जुळले. नोरोचा पॉझिटिव्ह सॅम्पल माझ्याकडे एकही नव्हता त्यामुळे ती रेष कधी उमटलेली बघितलीच नाही.

म्हटलं तर ऑर्डर द्यायला हरकत नाही. पण मागच्या जानेवारीत एक गोष्ट झाली ती डोक्यातून जात नाहीये. नऊ महिन्यांचं बाळ होतं, आमच्या कार्डावर रोटा निगेटिव्ह आलं, मी रिपोर्ट दिला, दोन दिवसांनी बाळाला मोठ्या गावी हलवलं आणि तिथे पीसीआरला (विषाणूचं जनुकीय द्रव्य शोधणारी टेस्ट) रोटा पॉझिटिव्ह निघालं. बाळ बरं झालं, पण मधल्या दोन दिवसांत निगेटिव्ह रिपोर्ट बघून त्याला अँटिबायोटिक सुरू झालं होतं आणि त्याच खोलीत शेजारच्या खाटेवर दुसरं एक बाळ ठेवलं होतं, त्यालाही जुलाब लागले. डॉक्टरांनी फोन करून विचारलं तुमची टेस्ट किती विश्वासाची आहे हो, आणि मला एक आकडासुद्धा सांगता आला नाही. पत्रकावरचा आकडा सांगायची लाज वाटली.

तर विचारायचंय हे की कार्ड नीट तपासायचं म्हणजे नेमकं काय करायचं? आमच्यासारख्या लॅबला झेपेल असं सांगा. दुसरं, अगदी फिकट रेष येते तेव्हा तुम्ही काय धरता? आणि तिसरं, खानावळीत जेवून एकदम पाच-सहा मोठी माणसं आजारी पडली तर त्यांच्यावर नोरोसाठी हे कार्ड लावावं का?

सूक्ष्म_पुणे

दादा, प्रश्न फार चांगला विचारलात. मी मेडिकल कॉलेजात मायक्रोबायोलॉजी शिकवते आणि किटची पडताळणी हे माझं रोजचं काम आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट, "20 पैकी 20" हा आकडा मोडून बघा. तुम्ही दोन वेगळे प्रश्न एका बेरजेत घातलेत. आजार असलेल्यांतले किती पकडले, तर 12 पैकी 12. नसलेल्यांतले किती बरोबर सोडले, तर 8 पैकी 8. बाराच्या बारा आले म्हणून सेन्सिटिव्हिटी 100 होत नाही, कारण इतक्या थोड्या सॅम्पलवरून एवढंच म्हणता येतं की खरा आकडा 74 ते 100 च्या मध्ये कुठेतरी असावा. आठाचं तर 63 पासून 100 पर्यंत काहीही असू शकतं. म्हणजे चारातलं एक बाळ सोडणारं कार्डसुद्धा तुमच्या या परीक्षेत नशिबाने पैकीच्या पैकी मार्क घेऊन पास होऊ शकतं.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे आणि तीच तुमच्या त्या बाळाशी जोडलेली आहे. नवीन कार्ड तुम्ही जुन्या कार्डाशी ताडून बघितलंत. दोन्ही कार्डं रोटाचं तेच प्रथिन शोधतात, व्हीपी6, विषाणूच्या मधल्या थरातलं, ग्रुप ए रोटाच्या (पोरांत मुख्यतः आढळणारा गट) बहुतेक सगळ्या कार्डांचा नेम त्याच्यावरच असतो. आता समजा एखाद्या सॅम्पलमध्ये विषाणू कमी आहे, जुन्या कार्डाला तो दिसला नाही, नवीनलाही दिसणार नाही, आणि तुमच्या वहीत ते "जुळलं" म्हणून बरोबरच्या रकान्यात जाणार. त्या नऊ महिन्यांच्या बाळाचा सॅम्पल या विसांत असता तर तो आठ निगेटिव्हमध्ये बसला असता आणि नवीन कार्डाने तो पुन्हा सोडला असता तरी तुम्ही त्याला बरोबर म्हटलं असतंत. म्हणून तुलना वेगळ्या, जास्त बारीक पकडणाऱ्या पद्धतीशी करावी लागते, म्हणजे आरटी-पीसीआरशी, निदान चांगल्या एलायझाशी (विषाणूचं प्रथिन मशीनवर मोजणारी टेस्ट) तरी.

तिसरं, ते 12 सॅम्पल कसे निवडले होते? माझा अंदाज, रेष ठळक आलेलेच फ्रीजरमध्ये ठेवले गेले असणार. आम्हीही पूर्वी तेच करायचो. भरपूर विषाणू असलेला सॅम्पल कुठल्याही कार्डावर येतो. रोटाच्या ऐन आजारात एका ग्रॅम शौचात हजारो कोटी कण असू शकतात, ते पकडण्यात कार्डाची कसोटी नाही. कसोटी लागते ती चौथ्या-पाचव्या दिवशी आलेल्या बाळाच्या सॅम्पलवर, पाणी-पाणी झालेल्या सॅम्पलवर, लस घेतलेल्या बाळाच्या सौम्य आजारावर. पत्रकांवरचे आकडे चढे दिसतात त्याचं एक मोठं कारण हेच, एका बाजूला ठणठणीत पॉझिटिव्ह आणि दुसऱ्या बाजूला ठणठणीत निरोगी, मधले अवघड सॅम्पल त्यात नसतातच.

मग करायचं काय. एक तारीख ठरवा आणि त्या दिवसापासून पाच वर्षांच्या आतलं जुलाबाचं जे पोर तुमच्याकडे येईल त्याचा सॅम्पल घ्या, निवडायचं नाही, लागोपाठ येतील ते सगळे. आलेला सॅम्पल त्याच दिवशी दोन भागांत वाटा, एकावर कार्ड, दुसरा छोट्या नळीत घालून गोठवून पीसीआरसाठी. परत परत वितळवायचा नाही, पीसीआर जे शोधतं ते विषाणूचं आरएनए मोडतं. नळीवर फक्त नंबर. पीसीआर करणाऱ्याला कार्डाचा निकाल कळता कामा नये आणि कार्ड वाचणाऱ्याला पोराची हकिगत. आजाराचा कितवा दिवस, वय, रोटाच्या लसीचे किती डोस झाले आणि शेवटचा कधी, एवढं लिहून ठेवा. पीसीआरसाठी जवळच्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या व्हीआरडीएलला विचारा, आयसीएमआरच्या जाळ्यातली ही विषाणू लॅब असते, तुमचा उद्देश सांगून मॅडमच्या सहीचं पत्र द्या.

किती सॅम्पल? कार्ड खरोखर 90 टक्के पकडत असेल आणि तुम्हाला दहा टक्के इकडेतिकडे चालत असतील तर 35 च्या आसपास पॉझिटिव्ह लागतील. पाच टक्क्यांत बसवायचं तर 140 च्या घरात, ते एका तालुका लॅबचं काम नाही. थंडीत भरती होणाऱ्या पोरांत रोटाचं प्रमाण चांगलं असतं, 2005 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय रोटा सर्वेक्षणात लसीच्या आधी ते 40 टक्क्यांच्या आसपास सापडलं होतं. आता लसीमुळे कमी येईल, म्हणून जास्त पोरं लागतील. एका थंडीत नाही झालं तर दोन थंड्या.

आणि एक चूक टाळा. कार्ड आणि पीसीआर जिथे जुळत नाहीत तेवढेच सॅम्पल काढून परत तपासायचे आणि "अरे, आपलंच बरोबर होतं" म्हणून आकडा सुधारायचा, असं बरेच जण करतात. जे जुळले ते तुम्ही परत तपासलेच नाहीत, मग चुकीच्या जुळण्या तशाच राहतात आणि आकडा एकाच बाजूला फुगतो. परत तपासायचे तर दोन्हीकडचे काही काही घ्या.

पिपेट_आणि_चहा

मॅडमनी शास्त्र सांगितलं, मी बेंचवरचं सांगतो. सतरा वर्षं हेच करतोय.

निम्म्या चुका कार्डाच्या नसतात दादा, सॅम्पलच्या असतात. आई डायपर घेऊन येते, पातळ शी सगळी जेलमध्ये शोषली गेलेली, आपण काडीने खरवडून काय काढतो तर कापूस. तसा सॅम्पल घेऊच नका, डायपरच्या आत प्लॅस्टिकची पिशवी उलटी लावून द्या आणि अर्ध्या तासाने बघायला सांगा, मिळतो. मग बफरच्या (शी मिसळायच्या द्रवाच्या) बाटलीत किती घालायचं. घट्ट शी असेल तर काडीच्या टोकाला लागेल तेवढीच, नवशिकी पोरं डाळीएवढा गोळा घालतात, मग द्रव वर चढतच नाही, खिडकी तपकिरी होऊन बसते आणि कंट्रोलची रेषसुद्धा (टेस्ट नीट चालली की दर वेळी यायलाच हवी ती) येत नाही. पातळ असेल तर पत्रकात लिहिलेत तेवढे थेंब मोजून. मिसळल्यावर दोन-तीन मिनिटं उभी ठेवा, गाळ खाली बसू दे, वरचं पाणी घ्या.

उन्हाळ्यात तुमच्याकडे पारा 42 च्या वर जातो, किटवर लिहिलेलं असतं 30 पर्यंत. कुरियरच्या टेम्पोत डबा दोन दिवस तापला असेल तर कंट्रोलची रेष येईल पण टेस्टची रेष मेलेली असू शकते, कारण कंट्रोलची रेष एवढंच सांगते की द्रव शेवटपर्यंत पोचला. आमच्याकडे प्रत्येक नवीन लॉट आला की एक माहीत असलेला पॉझिटिव्ह आणि तोच दहापट पातळ केलेला, असे दोन लावून मगच लॉट उघडतो. पातळ केलेल्यावर मागच्या लॉटला रेष यायची आणि या लॉटला नाही, असं दोनदा झालंय आणि दोन्ही वेळा डबे परत पाठवले. आणि फ्रीजमधून काढलेली पाकिटं लगेच फाडू नका, गार कार्डावर दव धरतं. अर्धा तास बाहेर राहू द्या.

आता फिकट रेष. ठरलेल्या वेळेच्या आत आली, रंग आहे, पट्टीच्या पूर्ण रुंदीभर आहे, तर पॉझिटिव्ह, कितीही फिकट असू दे. वेळ उलटून गेल्यावर आली तर ती धरायची नाही. यात गंमत नाही बरं का, मी स्वतः बघितलंय, पंधरा मिनिटांना स्वच्छ कोरं कार्ड, बाजूला ठेवलं, जेवून आलो, बघतो तर राखाडीसर रेघ, कडेला गडद मध्ये पुसट, वाळताना उमटलेली. नवीन मुलगी तीच बघून पॉझिटिव्ह लिहीत होती. तेव्हापासून प्रत्येक कार्डावर लावल्याची वेळ पेनाने लिहितो, टायमर लावतो आणि वाचून झालं की कार्ड सरळ पिवळ्या पिशवीत. आणि ट्यूबलाइटखाली उभं राहून वाचायचं, खिडकीच्या तिरक्या उन्हात नाही.

तपासणी करताना दोघांनी वेगवेगळं वाचा, एकमेकांना न दाखवता लिहा. तुम्ही आणि तुमचा असिस्टंट दहातल्या दोन कार्डांवर भांडत असाल तर ते पण मोजा, कारण रात्री आठ वाजता असिस्टंट एकटाच असतो आणि त्याचाच रिपोर्ट जातो.

बाळरोग_नाशिक

मी बालरोगतज्ज्ञ. मला या धाग्यावर एक वेगळा प्रश्न विचारावासा वाटतो, तो म्हणजे रिपोर्ट हातात आल्यावर डॉक्टर काय वेगळं करणार आहे? कारण टेस्ट चांगली की वाईट हे त्यावरही ठरतं.

बाळाच्या उपचारात रोटा आला काय आणि नोरो आला काय, ओआरएस, अंगावरचं दूध चालू, झिंक 14 दिवस (सहा महिन्यांच्या आत 10 मिलिग्रॅम, पुढे 20), आणि पाणी कमी पडतंय का यावर नजर. रिपोर्टची वाट बघत हे थांबवायचं नसतं. मग टेस्ट कशाला? माझ्यासाठी दोन कारणं. पॉझिटिव्ह आला की आईवडिलांना आणि कधी कधी माझ्याच ज्युनिअरला पटतं की अँटिबायोटिक नको. आणि वॉर्डात त्या बाळाला वेगळं ठेवता येतं. म्हणजे माझं सगळं काम पॉझिटिव्हवर चालतं. तुमच्या त्या बाळाच्या बाबतीत खरी चूक निगेटिव्हचा अर्थ "विषाणू नाही, म्हणजे जंतू आहे" असा लावण्यात झाली. पातळ जुलाब, उलट्या, शौचात रक्त नाही, अशा बाळाला निगेटिव्ह कार्ड बघून अँटिबायोटिक द्यायचं काहीच कारण नव्हतं आणि वेगळं ठेवायला तर रिपोर्टचीही गरज नव्हती. त्याचा सगळा भार तुम्ही स्वतःवर घेऊ नका दादा.

आता पॉझिटिव्हवर तरी किती विसंबायचं, तर ऋतू बघा. समजा कार्ड 90 टक्के पकडतं आणि रोटा नसलेल्या शंभरातल्या 5 जणांना उगाच पॉझिटिव्ह दाखवतं. थंडीत आलेल्या 100 पोरांत 40 ना खरंच रोटा आहे, तर 36 खरे पॉझिटिव्ह आणि 60 मधले 3 खोटे. 39 मधले 36 खरे, छान. आता तेच कार्ड मे महिन्यात, जिथे 1000 मध्ये 40 नाच रोटा आहे. खरे 36, पण उरलेल्या 960 मधले खोटे 48. म्हणजे 84 पॉझिटिव्ह रिपोर्ट गेले आणि त्यातले निम्म्याहून जास्त चुकीचे. डबा तोच, हात तेच, फक्त महिना बदलला. आणि 2019 पासून रोटाची लस आपल्या राज्यात सरकारी लसीकरणात आलीय, सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना तोंडावाटे, त्यामुळे रोटाचं प्रमाण जसं खाली येतंय तसं हे मेचं गणित थंडीतही लागू व्हायला लागेल. म्हणून आकडे नुसते काढून ठेवू नका, दर वर्षी आपल्याकडे शंभरात किती पॉझिटिव्ह येतात ते बघत राहा.

दोन गोष्टी लक्षात असू द्या. लस जिवंत विषाणूची आहे, डोसनंतर काही दिवस ती शौचात उतरू शकते आणि टेस्ट तिलाही पकडू शकते, म्हणून "शेवटचा डोस कधी" हे विचारणं आलं. आणि नवजात बाळांत पॉझिटिव्ह आलं तरी आजार असेलच असं नाही. आपल्या रोटावॅक या रोटाच्या लसीमधला 116ई हा विषाणूच मुळात 1980 च्या दशकात दिल्लीत, काही त्रास नसलेल्या नवजात बाळांत सापडलेला आहे.

तालुका_लॅब

सगळ्यांचे मनापासून आभार. सूक्ष्म मॅडम, तुमचा अंदाज बरोबर आहे, ते 12 सॅम्पल ठळक रेषेचेच होते, मीच "चांगले" म्हणून वेगळे ठेवले होते. आज आमच्या पॅथॉलॉजिस्ट मॅडमशी बोललो, त्या पत्र द्यायला तयार आहेत. डिस्ट्रिब्युटरला सांगितलं ऑर्डर थांबव, तो म्हणाला बाकीच्या सगळ्या लॅबनी घेतलंय, म्हटलं घेऊ देत.

नोरोचं मात्र अजून कळलं नाही. खानावळीचं किंवा वसतिगृहाचं प्रकरण आलं तर?

आई_चिंचवड

मध्येच विचारते माफ करा. ही कार्डं ऑनलाइन दिसतात, घरी आणून ठेवावीत का? माझा मुलगा दीड वर्षाचा आहे, पाळणाघरात जातो.

बाळरोग_नाशिक

@आई_चिंचवड ताई, नको. त्या पैशात ओआरएसची पाकिटं आणून ठेवा. कार्ड काहीही म्हणो, बाळ सुस्त पडलंय, सहा-आठ तास शू नाही, डोळे खोल गेलेत, पाजलेलं सगळं उलटतंय किंवा शीमध्ये रक्त दिसतंय, यातलं एक जरी असेल तर लगेच दवाखाना. पाळणाघराला सांगा डायपर बदलल्यावर साबणाने हात धुवायचे, नुसतं सॅनिटायझर चोळून भागत नाही.

साथ_विदर्भ

नोरोवर मी लिहितो, साथरोग तपासणीत बरीच वर्षं आहे.

नोरो हा रोटासारखा सरळ नाही. 1968 मध्ये अमेरिकेत ओहायोतल्या नॉरवॉक गावी शाळेत साथ आली, त्या गावाचं नाव त्याला मिळालं, आणि 1972 मध्ये तो इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पहिल्यांदा दिसला. तेव्हापासून त्याचे इतके प्रकार निघालेत आणि तो इतका बदलत राहतो की एका प्रकारावर बनवलेली अँटिबॉडी (कार्डात विषाणूला पकडणारं प्रथिन) दुसऱ्याला धरेलच असं नसतं. जीआयआय.4 या प्रकाराने जगभर वर्षानुवर्षं साथी केल्या, म्हणून बऱ्याच किटचा हात त्याच्यावर बसलेला असतो, दुसरा प्रकार आला की तेच कार्ड आंधळं होतं. त्यामुळे एका माणसाचं नोरो कार्ड निगेटिव्ह आलं तर त्याचा अर्थ जवळजवळ काहीच नाही. अमेरिकेत 2011 मध्ये नोरोच्या पहिल्या एलायझाला मंजुरी मिळाली तीसुद्धा साथीत अनेक सॅम्पल एकत्र तपासायला, एकेका रुग्णाचं निदान करायला नाही.

पण साथीत कार्ड उपयोगी पडतं, फक्त एक सॅम्पल घेऊन नाही. समजा कार्ड निम्मेच पकडतं. एक सॅम्पल लावला तर सुटायची शक्यता 50 टक्के. सहा जणांचे लावले तर सहाही सुटायची शक्यता दीड टक्क्याच्या आसपास. म्हणून पहिल्या दोन-तीन दिवसांत, ऐन जुलाब चालू असताना सहा जणांचे सॅम्पल घ्या, त्यातले दोन पॉझिटिव्ह आले की साथीला नाव मिळालं. आता यात एक खाच आहे, हे गणित प्रत्येक सॅम्पल स्वतंत्र धरून केलंय, पण साथीत सगळ्यांना एकच विषाणू झालेला असतो, तो प्रकारच कार्डाला ओळखता येत नसेल तर सहा लावा नाहीतर साठ लावा, सगळे कोरेच येणार. म्हणून सहाच्या सहा निगेटिव्ह आले तरी पीसीआरला पाठवायचेच.

हे मी पुस्तकातून सांगत नाहीये. काही वर्षांपूर्वी एका निवासी शाळेत रात्रीत तीसेक मुलं ओकायला लागली. मी पोचलो तेव्हा व्हरांड्यात ओळीने गाद्या टाकलेल्या, प्रत्येकीच्या उशाशी स्टीलचा डबा, आणि मोठ्या वर्गातल्या दोन मुली लहानग्यांना चमच्याने साखर-मिठाचं पाणी पाजत होत्या. आदल्या दिवशी कुणीतरी दोन मुलांचे सॅम्पल कार्डावर लावले होते, दोन्ही नोरो निगेटिव्ह, आणि तेवढ्यावर "विषाणू नाही, पाण्याचा दोष" ठरवून टाकी धुतली आणि स्वयंपाकघर दुसऱ्याच दिवशी सुरू केलं. भात वाढणाऱ्या मावशींना स्वतःला जुलाब लागले होते, नोकरी जाईल म्हणून त्यांनी सांगितलं नव्हतं. दुसरी लाट आली, पहिलीपेक्षा मोठी. नंतर पीसीआरला नोरोच निघाला. त्या मावशींना कुणी दोन दिवस भरपगारी सुट्टी दिली असती तर निम्मी मुलं वाचली असती आजारपणातून, हे मला आजही खुपतं.

कार्ड नसतानाही अंदाज बांधता येतो. अर्ध्याहून जास्त जणांना उलट्या, लागण होऊन लक्षणं यायला एक-दोन दिवस, आजार बारा ते साठ तासांत उतरतो, शौचाच्या कल्चरमध्ये जंतू नाही. हे चार निकष कॅप्लान या संशोधकांनी 1982 मध्ये मांडले आणि आजही चालतात. केरळात 2021 मध्ये वायनाडला पशुवैद्यक कॉलेजच्या विद्यार्थ्यांत नोरो सापडला होता, म्हणजे आपल्या इकडे असं काही नसतं असं समजायचं कारण नाही, आपण शोधत नाही म्हणून सापडत नाही.

तर खानावळीचे पाच-सहा जण आले तर सॅम्पल सगळ्यांचे घ्या, कार्ड लावायचं तर लावा, पण पहिला फोन तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना, कार्ड वाळायची वाट बघायची नाही. आणि ओकारी पुसायला फिनेल नको, ब्लीच वापरा, बाजारातलं पाच टक्क्यांचं असेल तर एक भाग ब्लीच आणि 49 भाग पाणी.

सूक्ष्म_पुणे

साथ_विदर्भ यांनी लिहिलेल्याला पुस्ती एवढीच की नोरोत पीसीआरच्या पॉझिटिव्हलाही डोळे झाकून मान द्यायचा नाही. बरं झाल्यावरही आठवडेच्या आठवडे विषाणू थोडा थोडा उतरत राहतो, पीसीआर तो पण धरतं. म्हणून कार्डाची सेन्सिटिव्हिटी पीसीआरशी ताडल्यावर कमी आली तर ते सुटलेले सॅम्पल कमी विषाणूचे होते का हे सीटी आकड्यावरून बघायचं (पीसीआरला विषाणू दिसायला किती फेऱ्या लागल्या तो आकडा, जितका मोठा तितका विषाणू कमी). सीटी 34-35 ला आलेला सुटला तर मी फार मनाला लावून घेत नाही, 20 ला आलेला सुटला तर कार्ड परत.

आणि अडिनो. आतड्याचा आजार मुख्यतः 40 आणि 41 हे प्रकार करतात. काही कार्डं सगळ्या अडिनोंना सामाईक असलेलं प्रथिन शोधतात, मग सर्दीवाल्या अडिनोच्या पोराच्या शीमध्येसुद्धा रेष येते. पत्रकात बारीक अक्षरात बघा, 40/41 लिहिलंय की नुसतं अडिनो.

तालुका_लॅब

अडीच महिन्यांनी परत आलोय. तुम्ही सगळ्यांनी एवढं लिहिलंत म्हणून हिशोब द्यायला हवा.

डिसेंबरच्या मध्यापासून लागोपाठ 43 पोरांचे सॅम्पल घेतले, एकही निवडून नाही. दोन कार्डांवर कंट्रोलची रेष आली नाही, दोन्ही घट्ट शीचे, पहिल्याच आठवड्यातले, नंतर हात बसला. ती दोन वेगळी लिहून ठेवलीत, गाळली नाहीत. उरलेले 41. पीसीआरला रोटा पॉझिटिव्ह 16, त्यातले कार्डाने 14 पकडले. पीसीआर निगेटिव्ह 25, त्यातला 1 कार्डावर पॉझिटिव्ह, त्या बाळाला पाच दिवसांपूर्वी लसीचा डोस झालेला होता. सुटलेल्या दोनांतला एक आजाराच्या सहाव्या दिवशी आलेला, सीटी 33. दुसरा तिसऱ्याच दिवशीचा, सीटी 24, तो का सुटला कळत नाही, वही काढून बघितली तर त्या दिवशी सॅम्पल डायपरमधून घेतलेला होता. मी आणि असिस्टंट तीन कार्डांवर वेगळं वाचलं, तिन्ही फिकट रेषा, तिन्ही पीसीआरला पॉझिटिव्ह निघाल्या, म्हणजे पिपेटदादांचं म्हणणं खरं. वरच्या हिशोबात वाचन माझं धरलंय.

16 पैकी 14 म्हणजे साडेसत्त्याऐंशी टक्के, पण सूक्ष्म मॅडम, तुमच्या पद्धतीने काढलं तर खरा आकडा 62 ते 98 मध्ये कुठेही. पुढच्या थंडीत चालू ठेवणार आहे. अडिनो दोनच आले, नोरोचा एक पीसीआरला आला आणि कार्डावर नाही, त्यावर बोलण्यासारखं माझ्याकडे काही नाही म्हणून तीन रेषांचं कार्ड घेत नाहीये, त्याच कंपनीचं नुसत्या रोटाचं एका रेषेचं घेतोय, पण तेही आधी दहा-बारा सॅम्पलवर जोडीने लावून बघून. डायपरचा सॅम्पल बंद, पिशव्या ठेवल्यात, आया नीट आणतात.

रिपोर्टखाली आमच्या पॅथॉलॉजिस्ट मॅडमनी हे लिहायचं ठरवलंय, बघा बरं : "रोटा अँटिजेन आढळलं नाही. नमुना आजाराच्या ___ दिवशीचा. या टेस्टने रोटाचे काही रुग्ण सुटू शकतात, निगेटिव्ह रिपोर्टवरून जंतुसंसर्ग आहे असं समजू नये."

सूक्ष्म_पुणे

छान केलंत. "काही रुग्ण" काढा, "आमच्या तपासणीत पीसीआर पॉझिटिव्ह 16 पैकी 2 सुटले" असं लिहा आणि दर वर्षी आकडा बदला. आणि त्या डायपरवाल्या बाळाच्या सॅम्पलची नळी उरली असेल तर मला पाठवा, विषाणूचा प्रकार काढून बघते.

तालुका_लॅब

उरलीय मॅडम. सोमवारी बर्फात घालून पाठवतो.